करून दिलेल्या सह्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीत कोण साक्षीदार होता, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र बारीकसारीक तपशिलासकट लक्षात राहिलं. यात कुणाचा खून झाला नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. तरी निवृत्तीनंतर कुणी जुन्या गोष्टी विचारल्या की मला हेच आधी सांगावंसं वाटतं. नावं कुणाचीच देत नाही. त्यातले लोक अजून याच भागात राहतात, आणि शिक्षा होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत उभं करणं मला पटत नाही.

आधी माझ्याविषयी. माझे वडील पुण्याहून इंजिनियर म्हणून वोल्फ्सबुर्गला आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. शाळा, नागरिकत्व, पोलीस प्रशिक्षण, सगळं जर्मनीतच झालं. घरात मात्र जर्मनमध्ये मागितलं तर आई वाढायची नाही. पुढे बायको साताऱ्याची आली, त्यामुळे उरलीसुरली मराठीही पक्की झाली. मी ब्राउनश्वाइगच्या गुन्हे शाखेत आर्थिक गुन्हे बघत असे. ही गोष्ट दोन हजार दहानंतरच्या वर्षांतली.

एका सोमवारी सकाळी खालच्या पहाऱ्यावरून फोन आला, की एक बाई हार्ड डिस्कबद्दल काहीतरी सांगताहेत, आम्हाला कळत नाही, वर पाठवतो. ज्यांचं खाली कुणालाच कळायचं नाही ते सगळे आमच्या विभागात यायचे.

बाई साठीच्या आसपासच्या होत्या. तांत्रिक विद्यापीठाजवळ त्यांचं कॉम्प्युटरच्या सामानाचं छोटं दुकान होतं. त्यांनी टेबलावर एक खोकं ठेवलं.

"इन्स्पेक्टरसाहेब, ही डिस्क इंटरनेटवर ज्या भावात विकली जाते, त्या भावात ती मला घाऊक बाजारातसुद्धा मिळत नाही."

"स्वस्त विकणं हा गुन्हा नाही," मी म्हणालो.

"स्वस्त विकणं नाही. आबगाबे न भरणं."

आबगाबे म्हणजे शुल्क. त्या दिवसापर्यंत मलाही या शुल्काची धड माहिती नव्हती. जर्मनीत स्वतःच्या वापरासाठी गाणं किंवा सिनेमा उतरवून घ्यायला कायद्याने मुभा आहे. त्या बदल्यात, ज्या वस्तूवर असं काही उतरवून घेता येतं, मग तो फोन असो, कॉम्प्युटर असो की हार्ड डिस्क, तिच्या किमतीतच एक शुल्क धरलेलं असतं. माल देशात आणणारा व्यापारी ते भरतो आणि ते पुढे लेखक-कलावंतांना वाटलं जातं. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. यात एक सवलत होती. माल एखाद्या कंपनीला कचेरीच्या कामासाठी विकला, तर शुल्क जवळजवळ माफ व्हायचं. त्यासाठी त्या कंपनीने, हा माल आम्ही फक्त कामासाठीच घेतला, असं सही करून लिहून द्यायचं.

"मी हे शुल्क मोजते म्हणून माझं दुकान बसतंय," बाई म्हणाल्या. "तो मोजत नाही. कसं, ते तुम्ही शोधा."

मला पहिला संशय बाईंचाच आला. धंद्यातला प्रतिस्पर्धी पोलिसांच्या हातून मारायचा, हे नवीन नव्हतं. खोक्यावर पत्ता त्यांच्या दुकानाचा नव्हता, बहिणीचा होता. त्याचं कारण विचारलं तेव्हा त्या जरा घुटमळल्या. आधी त्यांनी स्वतःच त्या विक्रेत्याकडे विक्रीसाठी माल मागितला होता आणि त्याने दिला नव्हता, म्हणून ही डिस्क बहिणीच्या नावाने मागवली होती. माझा अनुभव असा, की तक्रारदार खोटं बोलत नसला तरी स्वतःला अडचणीचं असेल तेवढं वगळतो. पण वगळलेलं कळलं की उरलेल्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. तक्रार मी नोंदवून घेतली.

शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेकडून काही दिवसांनी कागद आले. माल आणणारी कंपनी म्हणजे दुसऱ्या राज्यातली एक पत्रपेटी होती. संचालक परदेशात, फोन बंद. या कंपनीने आपला जवळजवळ सगळा माल कचेऱ्यांना विकल्याचं दाखवलं होतं आणि पुराव्यादाखल नऊ प्रतिज्ञापत्रं जोडली होती.

माझा सहकारी माझ्याहून तरुण होता. आठ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो होतो. त्याने ते नऊ कागद चाळले आणि तीन माझ्याकडे सरकवले. "ही नावं तुमच्याकडची दिसतात."

तिन्ही नावं मराठी होती. पहिल्या कागदाप्रमाणे, वोल्फ्सबुर्गच्या एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीने तीनशेहून जास्त हार्ड डिस्क घेतल्या होत्या. या कंपनीचा पत्ता रहिवासी इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा होता. अशा नावाच्या कंपनीची नोंद कुठेच नव्हती. सही करणारा माणूस प्रत्यक्षात मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून नोकरीला होता. बाकीचे दोघे मराठी तोवर कायमचे भारतात परतले होते.

आमच्या विभागप्रमुख बाई कडक होत्या. "तुझ्या ओळखीचा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"यातला कुणीही ओळखीचा निघाला तर त्याच दिवशी मला सांगायचं. आता बोल, पत्र पाठवून बोलावतोस की झडती?"

मी झडती म्हणालो. पत्र मिळालं की पुरावा नाहीसा करेल, असं कारण दिलं. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. न्यायाधीशांनी आदेश दिला.

सकाळी साडेसहाला आम्ही चौघे त्या दारात उभे होतो. दार उघडणारा माणूस तिशीतला, दाढीचा साबण अर्ध्या गालावर. मी आदेश वाचून दाखवला आणि मग मराठीत म्हणालो, "घाबरू नका. बसा."

मराठी ऐकून तो धीरावेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. त्याचा चेहरा उतरला. जर्मन पोलीस म्हणजे कागदाची काहीतरी चूक असेल, असं तो समजत असावा. मराठी बोलणारा पोलीस आला म्हणजे आपलं सगळं कळलेलं आहे, असा त्याने अर्थ घेतला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पाच वर्षांची मुलगी झोपेतून उठून आली आणि तिने माझ्या सहकाऱ्याला जर्मनमध्ये विचारलं, "तुमचं काय हरवलंय?" तो कपाटातले कागद काढत राहिला.

तीनशे डिस्कपैकी एकच मिळाली. मुलीच्या बारशाचे फोटो असलेली. पण ती त्याच बनावटीची होती, तक्रारदार बाईंच्या खोक्यातल्यासारखीच.

"ही कुठून घेतली?"

"भेट मिळाली."

"कुणाकडून?"

त्याने मुलीला जवळ ओढलं. डिस्क मुद्देमालात गेली. माझा संशय पक्का झाला. माझ्या मते हा माणूस नुसता सही करणारा नव्हता, त्याला वाटाही मिळत होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब. गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा अधिकार आहे, हे आम्ही त्याला सांगितलं. वकील नको म्हणाला. ज्याला वकिलाची खरी गरज असते तो हमखास नको म्हणतो. त्याचं जर्मन कामापुरतंच होतं, म्हणून हानोव्हरहून शपथबद्ध दुभाषी बाई बोलावल्या होत्या. मी मराठी असलो तरी तपास करणाऱ्याने भाषांतर करायचं नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. प्रश्न सहकारी विचारत होता. मी बाजूला बसून ऐकत होतो.

"या प्रतिज्ञापत्रावरची सही तुमची आहे?"

त्याने कागद बराच वेळ पाहिला. "हो. सह्या मी करून दिल्या."

दुभाषी बाईंनी जर्मनमध्ये सांगितलं, "हो, सह्या मी केल्या." सहकाऱ्याने ते टाइप केलं. गुन्हा कबूल झाल्यातच जमा होता.

मी हात वर केला. "ते 'केल्या' म्हणाले नाहीत. 'करून दिल्या' म्हणाले."

"अर्थ तोच," दुभाषी बाई म्हणाल्या.

"नाही. स्वतःसाठी सही करणारा माणूस 'केली' म्हणतो. 'करून दिली' म्हणजे कुणीतरी मागितली होती."

सहकारी माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी आठ वर्षांत पाहिली नव्हती. त्याने मला बाहेर बोलावलं. कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून हलक्या आवाजात विचारलं, "तू त्याला सुटायला वाट काढून देतोयस का?"

"एक प्रश्न विचार. सह्या कुणाला दिल्या. एवढाच."

त्याच्या जागी मी असतो तर मलाही तोच संशय आला असता. पण त्याने आत जाऊन प्रश्न विचारला. इंजिनियरने पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला.

"मला त्यांचं नाव घ्यायचं नाही."

जर्मनमध्ये या वाक्यातला मान दिसला नसता. मराठीत 'त्यांचं' होतं, 'त्याचं' नव्हतं. म्हणजे मागणारा वयाने मोठा, मान द्यावा असा आणि बहुधा आपल्यातलाच. आमच्या भागातली मराठी वस्ती तेव्हा इतकी लहान होती, की अशा माणसांची यादी करायला कागद लागला नसता. माझ्या मनात एकच चेहरा आला.

त्यांना सगळे काका म्हणत. तीसेक वर्षं जर्मनीत काढलेले, कॉम्प्युटर दुरुस्तीचा जोडधंदा करणारे. नव्याने आलेल्या कुटुंबाला स्टेशनवर घ्यायला जाणं, घर मिळवून देणं, पत्त्याची नोंदणी, मुलांचे भत्ते, सगळे जर्मन फॉर्म ते भरून द्यायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. त्यांच्या घरी गणपतीत मी जेवलो होतो.

त्या संध्याकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "अहो, रविवारी काकांकडे जायचंय. मी पुरणपोळ्या करून नेते म्हटलंय."

"नको. या रविवारी नको."

तिने कप खाली ठेवला. "काय केलंय त्यांनी?"

"मी काही म्हटलं का?"

"तुम्ही काही म्हणत नाही, तेव्हाच भीती वाटते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आपल्याच माणसांवर तुमचा पहिला संशय जातो. मी बघतेय इतकी वर्षं."

मी सकाळी विभागप्रमुखांकडे गेलो आणि ओळखीचा माणूस असण्याची शक्यता आहे असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सांगितलंस ते बरं केलंस. हे आत्ताच लिहून दे. इथून पुढे एकही प्रश्न तू विचारायचा नाहीस." मी एक पानी निवेदन लिहून दिलं.

त्याच आठवड्यात इंजिनियरची बायको एकटी ठाण्यात आली. पत्नीला नवऱ्याविरुद्ध साक्ष न देण्याचा अधिकार असतो, हे सहकाऱ्याने दुभाषी बाईंकडून सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ह्यांना न सांगताच आले आहे. मला बोलायचं आहे."

ती बोलली ते मी त्याच खोलीत कोपऱ्यात बसून ऐकलं. मुलगी दिवस भरण्याआधी झाली तेव्हा या दोघांना जर्मनीत येऊन चारच महिने झाले होते. काकांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं आणि दोन दिवस तिथल्या खुर्चीत काढले. डॉक्टर काय सांगताहेत ते यांना मराठीत सांगत राहिले.

"तेव्हापासून काका कागद घेऊन आले की हे पेन काढतात. मी एकदा म्हटलं, वाचून तरी बघा. तर म्हणाले, काकांचा कागद वाचायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल. ती डिस्कही त्यांनीच दिली, बारशाला. आता आमचा कायम राहण्याचा अर्ज अडकलाय. हे नोकरी सोडायचं म्हणतात. पण नाव सांगणार नाही म्हणतात."

तिने पिशवीतून एक कागद काढला. परवान्याच्या अर्जाला कोणती कागदपत्रं लागतील त्याची काकांनी हाताने लिहिलेली यादी. सहकाऱ्याने ती प्रतिज्ञापत्रांशेजारी ठेवली. मजकूर भरणारा हात एकच होता, हे तज्ज्ञाचा अहवाल यायच्या आधीच कुणालाही दिसलं असतं.

आम्ही बोलावण्याआधी काका स्वतःच आले. खालच्या खिडकीपाशी त्यांनी माझं नाव सांगितलं. मी सहकाऱ्याला बरोबर घेऊनच खाली गेलो. अंगात नेहमीचा तपकिरी कोट, चेहऱ्यावर हसू.

"अरे, तू इथे आहेस म्हटल्यावर मला काय काळजी! चल, जरा बाहेर बोलू."

"काका, बाहेर नाही," मी मराठीत म्हणालो आणि तिथून पुढे जर्मनमध्ये त्यांचे अधिकार सांगितले. संशयित म्हणून, पूर्ण, एकही शब्द न गाळता.

त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "माझ्याशी मराठीत बोल ना."

"इथे नाही, काका."

जबाब त्यांनी अस्खलित जर्मनमध्ये दिला. दुभाष्याची गरज पडली नाही. शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या गॅरेजची किल्लीही दिली. तिथे खोकी मिळाली, आणि एका फायलीत नुसत्या सह्या असलेले कोरे कागदही. पत्रपेटीवाली कंपनी त्यांची आणि परदेशातल्या एका भागीदाराची होती.

शेवटी ते चिडून म्हणाले, "ही डिस्क घेऊन लोक काय करतात? मुलांचे फोटो ठेवतात. फोटोवर कसलं आलंय शुल्क? मी कुठल्या गवयाच्या ताटातलं काढलं, सांगा."

फोटो ठेवणाऱ्यालाही हे शुल्क पडतं, हे खरंच होतं, आणि कायद्याच्या त्या भागाबद्दल माझं आजही काही फार चांगलं मत नाही. पण माझ्या सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही स्वतःच्या नावाने का नाही सही केली?" त्या प्रश्नाचं उत्तर जबाबात नाही.

आता मला न आवडणारा भाग. नऊ प्रतिज्ञापत्रांतल्या तीन मराठी नावांच्या मागे मी धावलो, तेव्हा उरलेली सहा सहकाऱ्याकडे होती. ती सगळी जर्मन नावं. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी शेजारी, एक तर गायनमंडळाचे चिटणीस. सगळ्यांचे कॉम्प्युटर काकांनी कधी ना कधी फुकट दुरुस्त केले होते. सहकाऱ्याने त्यांना साधी पत्रं पाठवली होती. शिक्षिकाबाई पत्र हातात घेऊनच ठाण्यात आल्या आणि पाच मिनिटांत काकांचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. फक्त तोपर्यंत आमच्याकडे ते नाव आलेलं होतं. मी गठ्ठा दुसऱ्या बाजूने उघडला असता, तर त्या फ्लॅटची झडती घ्यायची वेळच आली नसती.

काकांना शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली, आणि बुडवलेलं शुल्क भरावं लागलं. इंजिनियरविरुद्धचा खटला, एका सेवाभावी संस्थेला ठरावीक रक्कम देण्याच्या अटीवर सरकारी वकिलांनी बंद केला. त्याचा कायम राहण्याचा परवाना रखडला, पण मिळाला. आम्हाला गणपतीची बोलावणी यायची थांबली. बायकोने त्याबद्दल मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण त्या वर्षी मोदक तिने घरीच, दोघांपुरतेच केले.

निकाल सांगायला मी तक्रारदार बाईंच्या दुकानात गेलो तेव्हा त्या फळ्या रिकाम्या करत होत्या. "आता गिऱ्हाइकं सरळ परदेशातून मागवतात," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्यांच्या घरी जाणार आहात का?" मी त्यांना खोकी बांधायला मदत केली. आणखी काय करणार?

मुद्देमाल परत न्यायला इंजिनियर ठाण्यात आला. मी डिस्क पुढे ठेवली आणि पोचपावतीवर बोट दाखवलं, "इथे सही करा." त्याने पेन घेतलं नाही. खुर्ची ओढून बसला, फोनवर शब्दकोश उघडला आणि पावती पहिल्या ओळीपासून वाचू लागला. एक पान वाचायला त्याला वीस मिनिटं लागली. एका शब्दाचा अर्थ त्याने मला विचारला, तोही फोनवर पुन्हा तपासून घेतला. मी उभाच होतो. मग त्याने सही केली.

डिस्क खिशात ठेवून तो म्हणाला, "सर, एक विचारू? तुम्ही पत्र पाठवलं असतं तरी मी आलो असतो. पत्र का नाही पाठवलं?"

पुरावा नाहीसा होण्याची शक्यता, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते दिलं नाही. खरं उत्तर असं होतं, की तुझं नाव मराठी होतं, आणि मी नरम पडलो असं माझ्या खोलीत कुणी म्हणू नये, म्हणून मी तुझ्याशी जास्त कडक वागलो. हेही मी त्याला सांगितलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो. त्याने मान हलवली आणि गेला.

पोलिसाने संशय घ्यायलाच हवा, त्याला पगार त्याचाच मिळतो. पण आपण संशय का घेतोय, याचीही अधूनमधून झडती घ्यायला हवी, हे मला त्या पावतीपाशी उभं असताना कळलं. तेव्हा नोकरीची सहा वर्षं उरली होती. त्या सहा वर्षांत झडतीच्या प्रत्येक अर्जावर सही करण्याआधी मी स्वतःला विचारत असे, या माणसाला पत्र पाठवलं तर तो येईल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक वेळा उत्तर 'येईल' असंच असायचं. मग मी पत्र लिहायचो, आणि ते येत असत.